ओली बनात

बंदुकीच्या पेटीचं अस्तर बदलायचं तर माचय्याकडंच जायचं, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कोडगूत, म्हणजे कूर्गात, घरटी बंदूक, आणि पावसाळ्यात घरटी बुरशी. पेटीचं लाकूड तग धरतं, पण आतली हिरवी बनात, म्हणजे अस्तराचं लोकरी कापड, पांढरी पडते, आंबूस वास मारते आणि नळीला गंज आणते. पाऊस उघडला की माणसं पेट्या खांद्यावर टाकून माचय्याच्या ओसरीवर हजर.

तो आधी शिव्या घालायचा. "बंदूक ओली निजवलीस न्हवं? बायकूला निजवशील का अशी चिखलात?" मग बोथट सुरीनं बनात सोलायचा, खालची जुनी खळ खरवडायचा. बनात धड असली तर रिठ्याच्या गार पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, पंच्यात गुंडाळून दाबायची. खळ लावायची ती लाकडाला. कापडाला लावली की हिरव्यावर डाग फुटतात. नळीचा खण, दस्त्याचा खण, कडेची गादी, सगळं चमच्याच्या पाठीनं दाबत न्यायचं. आणि पेटी परत देताना ताकीद, "झाकण उघडं ठेव. हाताला कोरडी लागली म्हंजी कोरडी झाली न्हाई. खालची खळ लई लबाड. ऊन खाऊ दे, मग बंदूक ठेव."

त्याची स्वतःची पेटी मात्र तशीच. बायको देचम्मा त्यावरनं त्याला रोज टोचायची. "लोकांच्या पेट्या नवरीवाणी सजवताय, आन आपल्या पेटीत उंदीर मेल्यागत वास."

त्या साली देचम्मा अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. मैसूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्यातच काय ते समजलं. कक्कड महिन्याचा, ऐन आषाढातला पाऊस लागलेला, सूर्य कुठं गेला त्याचा पत्ता नाही. तिच्या खोलीतच भिंतीला पेटी होती.

"अवं, मी जाणार ह्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "पण माझं दोन बार आपल्या बंदुकीचं झालं पायजेत. उसन्या बंदुकीनं मला धाडू नगा. आन त्या पेटीचा वास घालवा आधी. मराय आल्यावर तरी."

आमच्यात पोरगा झाला की अंगणात एक बार काढतात. माणूस गेलं की लागोपाठ दोन. बार ऐकला की खोऱ्यातली माणसं हातातलं काम टाकून निघतात. हसत निघायचं की रडत, ते बारच सांगतो.

माचय्यानं बनात सोलली, धुतली, बसवली. वाळवायची कुठं? चुलीवरच्या फळीवर, वेलदोडे वाळवतात तिथं पेटी उघडी ठेवली. वरनं हात फिरवला, कोरडी लागली. आता आयुष्यभर लोकांना काय सांगितलं ते त्याला आठवलं नसेल असं नाही. पण आतनं देचम्मा सारखी विचारत होती, "झाली का? बंदूक आत घालून दाखवा की. माझं डोळं हायत तंवर बघू द्या." त्यानं बंदूक आत ठेवली. तिनं बनातीवरनं बोट फिरवलं. "आता चांगली दिसती. लावा झाकण." त्यानं झाकण लावलं. पुन्हा ते उघडायचं म्हणजे तिच्या मरणाची घाई केल्यागत दिसलं असतं. पेटी तशीच राहिली.

देचम्मा एका सकाळी गेली. मुलगा लष्करात, लांब. घरात दिवस भरत आलेली सून पोन्नव्वा आणि हा. त्यानं पेटी उघडली. बनात हिरवीगार, सुंदर. दुनळी बंदूक उचलली तर अंगभर गंजाचा तांबूस पापुद्रा. गुडघ्यावर दाबून बिजागरीत कशीबशी मोडली, म्हणजे उघडली, काडतुसं भरली, अंगणात पावसात उभा राहिला. उजव्या नळीचा बार झाला. डावा घोडा जागचा हलेना. पेटीत ओल्या गादीला टेकून होता तो. उजवीतच परत काडतूस घालावं म्हणून मोडायला गेला, तर बंदूक मोडेना. दगडावर आपटली तरी मोडेना.

खोऱ्यात एकच बार ऐकू गेला.

पलीकडच्या मळ्यातला कुशालप्पा सगळ्यात आधी आला. बगलेत बाटली, हातात केळीचा घड. फाटकातनंच ओरडला, "काय आजोबा! पोराचं नाक तुमच्यावर गेलं असंल तर आत्ताच सांगा, तसाच माघारी फिरतो!" मागनं बायका हसत आल्या. माचय्या पायरीवर बसलेला, मांडीवर बंदूक. त्यानं नुसतं आत बोट केलं.

कुशालप्पानं केळी तिथंच टाकली. पळत घरी गेला, स्वतःची बंदूक घेऊन आला आणि अंगणात दोन बार काढले. उसन्या बंदुकीचे.

आता खोऱ्यानं काय ऐकलं? आधी एक, मग दोन. पोर झालं आणि गेलं. माणसं रडत आली ती थेट पोन्नव्वाच्या खोलीत. एका म्हातारीनं तिला कवटाळून हंबरडा फोडला, "सोन्यासारखं लेकरू गं!" आणि ती बिचारी पोटावर दोन्ही हात धरून किंचाळायला लागली, "हाय, हाय, हालतंय अजून!" देचम्माजवळ तेवढा वेळ कुणीच नव्हतं.

माचय्यानं ती बनात नखांनी ओरबाडून काढली. ओसरीवर लोकांच्या पेट्या होत्या, त्या सोललेल्या तशाच परत नेऊन दिल्या. कुशालप्पा म्हणाला, "अण्णा, गंज कुणाला चुकलाय? माझी बंदूक तर जन्माची गंजकी." माचय्या म्हणाला, "तुजी दोनदा वाजली."

सुतक फिटलं आणि पोन्नव्वाला मुलगा झाला. धडधाकट. रजेवर आलेल्या तिच्या नवऱ्यानं कुशालप्पाचीच बंदूक आणली आणि अंगणात एक बार काढला.

कुणीच आलं नाही. मी माझ्या मिरवेलीखाली उभा होतो, शेजारी गडी उभे होते, वरच्या बांधावर बायका उभ्या होत्या. सगळे कान देऊन दुसऱ्या बाराची वाट बघत होतो.

घरात पोर रडत होतं, ते माचय्याला ऐकू येत होतं. तरी तो पायरीवर मान खाली घालून वाट बघत बसला होता. आमच्यासारखाच.