अंकलचा पहिला मुक्काम

कुठल्याही गावाचं नाव काढा, अंकल एकच प्रश्न विचारायचे, "मुक्काम कुठे?" माझ्या मेहुण्याने एकदा फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, की तो कॅनडाला कायमचा राहायला चाललाय. शेजारी चहा पीत बसलेले अंकल म्हणाले, "चांगलंय. पण वाटेत मुक्काम कुठे?" हे कोण बोलतंय, असं मेहुण्याने विचारलं. आता काय सांगणार? समोरच्या दारात राहणारे, आमच्या सोफ्यावर बसणारे आणि आमची गाडी कुठे जाणार हे ठरवणारे एक गृहस्थ, एवढीच त्यांची माझ्याजवळ ओळख होती.

अंकल मूळचे वसईचे. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. उभं आयुष्य परक्यांच्या मुक्कामाच्या चादरी ताणण्यात गेलेलं. गादीखाली चादरीचा कोपरा ते असा दुमडून सारायचे, की बंद केलेलं पाकीट वाटावं. वाळवंटात तंबू ठोकला तरी आतल्या बोटभर जाडीच्या गादीवर तोच कोपरा! मी म्हटलं, "अंकल, इथे बघायला कोण येतंय? उंट?"

"उंट आला तर तोही गेस्टच," अंकल म्हणाले. "अरे बाबा, चादरीला सुरकुती दिसली की गेस्टला वाटतं, आपल्याआधी इथे कुणीतरी लोळून गेलंय. त्याला असं वाटलं पाहिजे, की ही जागा आपलीच वाट बघत होती."

दुबईतच अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा दरवाजा आमच्या दरवाजासमोर. पण दारापलीकडे आम्ही कधी गेलो नाही. तिथे त्यांची बेडस्पेस होती, म्हणजे एका खोलीतला एक पलंग भाड्याने. बाकीचे पलंग रत्नागिरीच्या, केरळच्या पोरांचे. बाहेर चपलाबुटांचा ढीग. "आत पोरं ड्युटीवरून येऊन झोपलेली असतात," म्हणत अंकल दार अर्धंच उघडायचे आणि त्या फटीतून तिरके बाहेर यायचे. दर रविवारी संध्याकाळी मात्र भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या हॉलमध्ये हजर. वसईला बायकोला, म्हणजे सिसिल आंटींना, व्हिडिओ कॉल लावायचा असे. "तुमच्याकडे इंटरनेट चांगलं आहे," हे कारण. आमचं इंटरनेट कसं आहे हे मला माहीत होतं, पण मी कशाला बोलतोय! आमचा निळा पडदा, आमचा सोफा, मागे अभ्यास करत बसलेली आमची मुलगी सई आणि मधूनच मागून खाकरत जाणारा मी, हे सगळं वसईला पाठ झालं होतं.

आंटी स्वतः मात्र इकडे कधी आल्या नव्हत्या. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या शाळा, मग केळीची वाडी कुणावर टाकायची हा प्रश्न. आता अंकलची रिटायरमेंट आली होती. त्याबरोबर इथला व्हिसाही खलास. "या थंडीत सिसिलने हा देश बघितला नाही, तर मग कधीच नाही," ते एका रविवारी फोन ठेवल्यावर म्हणाले. मग त्यांनी बेत सांगितला. आंटींना घेऊन देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, फुजैराच्या समुद्रापासून पार रुवैसच्या पुढे, सौदीच्या सीमेला लागून असलेल्या सिलापर्यंत. वाटेत तंबू टाकत. गाडी आमची, ड्रायव्हर मी.

"अंकल, मी सकाळी निघालो तर संध्याकाळच्या चहाला सिलाला पोचेन," मी म्हणालो.

"पोचशील ना. पण मग मुक्काम कुठे?"

अंकलनी तो सरळ रस्ता असा वाकवला, की त्यात अल ऐनचा डोंगर आला, लिवाच्या वाळूच्या टेकड्या आल्या आणि मला माझ्या गाडीची दया आली.

आणि प्रत्येक मुक्कामाची आधी ट्रायल. हॉटेलची सवय! गेस्ट यायच्या आधी खोली स्वतः वापरून बघायची. आंटींच्या जागी आम्ही: मी, बायको आणि आमची सई. आंटींचे गुडघे दुखत, म्हणून खाली बसण्याचा प्रश्नच नव्हता. अंकल घडीच्या खुर्च्या आणायचे आणि मला हाक मारायचे, "ये, बस जरा. जोरात बस. तुझ्याखाली टिकली तर सिसिलच्या बापालाही भिणार नाही." दोन खुर्च्यांनी माझ्याखाली प्राण सोडले. तिसरी पास झाली तेव्हा सईने टाळ्या वाजवल्या. तंबूपासून टॉयलेट किती लांब, हे बघायला माझ्या बायकोला आंटींच्या चालीने चालायला लावलं. "पोरी, हळू. तुझे गुडघे दुखतायत." ती अशी काही लंगडत गेली, की शेजारच्या तंबूतली एक फिलिपिनो बाई व्हीलचेअर हवी का विचारायला आली.

लिवाच्या ट्रायलला मी गाडी वाळूत रुतवली. टायरची हवा कमी करायची असते, हे अंकलनी निघताना दोनदा सांगितलं होतं आणि मला सगळं येतं, असं मीही दोनदा सांगितलं होतं. चाकं गरागरा फिरत खाली चालली. तेवढ्यात टेकडीवरून एक अरब तरुण आपली गाडी घेऊन उतरला, पट्टा बांधला, "यल्ला, हबीबी!" म्हणजे "चल, मित्रा!" म्हणाला आणि मला माझ्या अभिमानासकट बाहेर ओढून निघूनही गेला. अंकल वाळू झटकत म्हणाले, "बरं झालं. आत्ता रुतलास, सिसिलसमोर नको रुतू."

असा एकेक मुक्काम पास होत गेला. शेवटची आखणी अशी ठरली, की आंटी सकाळच्या विमानाने उतरणार आणि विमानतळावरूनच आम्ही थेट फुजैराला सुटणार. सिलाहून परत विमानतळ आणि दोघं एकत्र वसईला. बायको म्हणाली, "अहो अंकल, आंटींना एक दिवस आमच्याकडे तरी टेकू द्या." अंकल म्हणाले, "वेळ कुठाय? पहिला मुक्काम फुजैरा. इन्शाल्ला सूर्य मावळायच्या आत तंबू उभा."

आंटी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हातात सुकेळ्यांची, म्हणजे वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची, जड पिशवी. मला बघताच म्हणाल्या, "तुझा खोकला बरा झाला का रे?" त्यांनी मला ओळखलं ते मागून खाकरण्यावरून. बायको-सईसकट सगळे गाडीत बसल्यावर अंकल मुक्काम सांगू लागले. समुद्र, डोंगर, वाळू, सगळं. आंटी सुकेळी वाटत ऐकत होत्या. अंकलचं सांगून झालं तसं आंटींनी विचारलं,

"आणि तू झोपतोस तिथला मुक्काम?"

मी आरशात बघितलं. अंकल खिडकीबाहेर बघत होते.

"तिथे काय आहे बघायला? गर्दी आहे. पोरं असतात."

"मग पोरांना सांग, आंटी येतेय."

"सिसिल, आपली राहती जागा ती—"

"तो निळा पडदा यांचा आहे, मला काय कळत नाही? दर रविवारी मागे ही मुलगी अभ्यास करत बसलेली. तुझ्या पलंगापाशी कुणाची मुलगी अभ्यास करेल?" मग माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "वळव रे गाडी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सगळ्या आखणीत एकच ठिकाण काळजीपूर्वक वगळलेलं होतं. त्या पलंगावर आंटींची नजर पडू नये, म्हणून एवढा मोठा वळसा! मी गाडी वळवली. अंकलनी खिशातून फोन काढून पोरांना लावला.

त्या दिवशी ते दार आमच्यासाठीही पहिल्यांदा पूर्ण उघडलं. अंकलचा फोन गेलेला, त्यामुळे पोरांनी दोऱ्यांवरचे कपडे गोळा करून कुठेतरी कोंबले होते आणि सगळे शर्ट घालून भिंतीला लागून उभे होते. एकावर एक असे लोखंडी पलंग. अंकलचा खालचा, खिडकीजवळचा. उशाशी झावळीचा क्रूस खोचलेला. पलंगावरची चादर मरीनातल्या त्या हॉटेलातल्यासारखीच ताणलेली, कोपरा पाकिटासारखा बंद.

आंटी टेकल्या. गादी हाताने दाबून बघितली. वरच्या पलंगाच्या पत्र्याकडे बघितलं, तो डोक्याला लागतो का ते बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या.

"जरा पडते," त्या म्हणाल्या. "मग निघू."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. खरोखरच झोपल्या, थोड्याच वेळात मंद घोरायला लागल्या. पोरं चपला हातात घेऊन बाहेर सटकली. अंकल स्टुलावर बसून राहिले. फुजैराचा सूर्य गेला, तंबू गेला, सगळी आखणी ढासळली. मी दारातून खुणेने विचारलं, निघायचं? एरवी "यल्ला" म्हणून आम्हाला हाकणाऱ्या या माणसाने तोंडावर बोट ठेवलं.

आंटी उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती. "पाठ दुखत नाही का रे तुझी इथे?" एवढंच म्हणाल्या. अंकल म्हणाले, "सवय झाली." त्यांचा हात सवयीने चादरीकडे गेला. सुरकुत्या पडल्या होत्या, कोपरा सुटला होता. हात तिथेच थांबला आणि परत आला. चादर तशीच ठेवून ते आंटींच्या चपला शोधायला वाकले.

पुढचा प्रवास आम्ही केलाच, एक दिवस उशिराने. खुर्ची टिकली, मी रुतलो नाही. लिवाला आंटी वाळूच्या टेकडीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढी जागा, आणि केळीचं एक रोप नाही!" सिलाहून आम्ही सरळ विमानतळावर आलो. आत जाण्याआधी अंकलनी तंबूची पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली आणि म्हणाले, "टायरची हवा." बस, एवढंच.

अजून रविवारी संध्याकाळी कॉल येतो. आता मी सोफ्यावर आणि अंकल वसईला, त्यांच्या स्वतःच्या खोलीत. या थंडीत मुक्काम कुठे, ही चौकशी होतेच. परवा सई माझ्या खांद्यावरून डोकावली आणि ओरडली, "ओ माय गॉड, अंकल! लुक ॲट युवर बेडशीट!"

अंकलनी मागे वळून बघितलं. पलंगावरची चादर चुरगळून निम्मी खाली आली होती.

"असू दे गं," ते म्हणाले. "सिसिल आत्ताच पडून उठलीय."