आखणी कुणाची

समीक्षाचं माहेर पेणचं, सासर रोह्याचं, आणि निम्मं आयुष्य मधल्या एसटीत गेलं असं तिची सासू म्हणते. सासवा थोडं वाढवून बोलतात, पण हे काही अगदीच खोटं नाही. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ती अर्ज तयार करते. कागदाचे नव्हेत, संगणकावरचे. रजेचा अर्ज, गेट पास, सामानाची मागणी. कुठला अर्ज कुणाकडून कुणाकडे जाईल आणि कुठे अडेल, हे सगळं तिने ठरवायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची, तारखेची, फोटोची अशा चौकटी तयार मिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर आपली चौकट आपण घडवायची आणि तिला नियम लावायचे: ही रिकामी ठेवली तर पुढे जाऊ द्यायचं नाही, ती भरली की साहेबाला मेसेज जायला हवा.

"म्हणजे तू नक्की करतंस काय गो?" आई शांती दर खेपेला विचारायची.

"लोकांना अडवते," समीक्षा म्हणायची, आणि तिचे वडील विठूनाना खूश होऊन हसायचे.

नाना पेणच्या रामवाडीत जनूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करत. मूर्ती साच्यातून काढली, घासली, रंगवली, दागिने चढले, तरी ती तोवर आंधळीच असते. सगळ्यात शेवटी डोळे आखणारा माणूस तिच्यासमोर बसतो. नाना वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढत, आणि तेवढ्यापुरतं आजूबाजूचं बोलणं आपोआप थांबे. जाणती माणसं नुसते डोळे बघून आखणी कुणाची ते ओळखत. नानांनी आखलेले डोळे जरा खाली झुकलेले असायचे, दारातून आत आलेल्या माणसाला "ये, बस" म्हटल्यासारखे.

तर झालं असं, की जनूशेठचा धंदा वाढला. मूर्ती परदेशात जायला लागल्या. कुठली मूर्ती रंगात आहे, कुठली पॅकिंगला गेली, याचा पत्ता लागेना. शेठने समीक्षाला बोलावलं. "तुझ्या कंपनीत हाय तसं आपल्याला करून दे. पोरगी घरची असताना परका माणूस कशाला?"

समीक्षाने रविवारी रविवारी बसून ते केलं, आणि मन लावून केलं. प्रत्येक मूर्तीला एक कोड दिला. मूर्ती पुढच्या हाताकडे गेली की तिथल्या माणसाने मोबाईलवर दोन-तीन खुणा करायच्या, बस. आखणीसाठी मात्र तिने खास चौकट घडवली. "आखणी कुणाची?" असं वर लिहिलं आणि खाली नावांची यादी दिली. नाव निवडल्याशिवाय मूर्ती पॅकिंगला जाणार नाही, असा नियम लावला. यादीत पहिलं नाव अर्थातच विठूनाना. आणि घाईच्या दिवसांत काम अडून राहू नये म्हणून फॉर्म उघडला की पहिलं नाव आपोआप आलेलं असेल, अशी सोयही करून ठेवली. दुसऱ्या कुणी आखलं असेल तर त्याने नाव बदलावं. हे तिने हौसेने केलं. बापाचं नाव वर दिसावं असं कुठल्या लेकीला वाटत नाही?

पहिल्या दिवशी शेठने सगळ्या कारागिरांना गोळा करून फॉर्म दाखवला. नाना खाली मान घालून ब्रश पुसत बसले होते, पण कान सगळे तिकडेच.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण पेणच्या कारखान्यांत चेष्टेने सुद्धा कुणी मोठ्याने म्हणत नाही. समीक्षाच्या बाबतीत मात्र तीच खरी झाली. हंगाम चढला, नवी माणसं भरली, मोबाईल हातोहात फिरू लागला. रंगाने बरबटलेल्या बोटांनी कोण यादी उघडून नाव शोधत बसतो? आलेल्या नावावर "पुढे" दाबायचं आणि दुसरी मूर्ती ओढायची.

गणपतीच्या तोंडावर तक्रारी आल्या. पूर्वी असं काही झालं तर गिऱ्हाईक मूर्ती घेऊन कारखान्यात यायचं. कुणी बिघडवलं हे विचारायची पद्धतच नव्हती. देवाच्या डोळ्यांवरून माणसाचं नाव काढू नये म्हणतात. जवळचा कुणीतरी जाणता उठायचा, रेघ पुसायचा आणि नवी आखायचा. आता गिऱ्हाईक फोटो पाठवत होतं, आणि मूर्तीच्या कोडवरून फोटोखाली आपोआप नाव उमटत होतं. डोळे तिरके: विठूनाना. एक पापणी जाड: विठूनाना. बुबुळं वर गेलेली: विठूनाना.

नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालं होतं. जनूशेठ वाईट माणूस नव्हे. त्याने नानांना घरी येऊन फोटो दाखवले, हात धरला आणि म्हणाला, "नाना, लई केलंत. आता आराम करा."

नानांनी एकेक फोटो नीट बघितला. "व्हय," म्हणाले. एवढंच.

शेठने समीक्षाला फोन करून यादीतून नाव काढायला सांगितलं. तिने रोह्याच्या ऑफिसात बसून ते काढलं. डोळे भरून आले म्हणून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, पण काढलं. फोटो तिनेही पाहिले होते. त्या डोळ्यांत नानांची एकही खूण नव्हती, आणि तिला वाटलं, म्हातारपणाने खूण सुद्धा नेली. सुट्टीला पेणला गेली तेव्हा नानांना म्हणाली, "सगळ्यांचंच होतं तसं, नाना. मनाला लावून घेऊ नका." नाना म्हणाले, "नाय घेत." फोटोंबद्दल तिने त्यांना एका शब्दाने विचारलं नाही.

पुढच्या हंगामात नाना घरी होते. पुन्हा तक्रारी आल्या, अगदी त्याच. या वेळी नाव होतं हौसाचं. हौसा नानांच्याच हाताखाली तयार झालेली. शेठचा समीक्षाला फोन आला, "हिचं पण नाव काढ बाय. उद्या सांगतो तिला."

समीक्षाने तक्रारीतल्या मूर्तींच्या तारखा बघितल्या आणि तिचा हात थांबला. त्या दिवसांत हौसा पेणमध्ये नव्हतीच. तिची सून रोह्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. समीक्षाच तिथे रोज पेजेचा डबा पोचवत होती.

तिने फॉर्म उघडला. नानांचं नाव काढल्यावर यादीत पहिली आली होती हौसा, आणि पहिलं नाव आपोआप भरलं जात होतं. तिने गेल्या वर्षीचं काम उघडलं. एका माणसाचे हात पुरणार नाहीत इतक्या मूर्ती नानांच्या नावावर होत्या. कारखान्यातली जवळजवळ सगळीच आखणी नानांनी केली, असं तिचं सॉफ्टवेअर सांगत होतं. कुणी बघितलं नव्हतं. तिनेही नाही.

अर्धा दिवस रजा टाकून ती पेणला आली. नाना पडवीत बसून शांतीला सुईत दोरा ओवून देत होते, चष्मा न लावता. समीक्षा उंबऱ्यातच बसली आणि रडत रडत तिने सगळं सांगितलं.

"नाना, ते डोळे तुमचे नव्हते."

"माझे कुठले? मला फोटो बघताच कळलं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग बोलला का नाहीत?"

नानांनी सुई शांतीकडे दिली. मग हळूच म्हणाले, "जनूशेठ सगळ्यांसमोर सांगत व्हता, विठूच्या पोरीनं केलंय, चूक निघायची नाय. मी तिथंच बसलेलो गो. माझी छाती एवढी झालेली. मग माझ्याच तोंडानं कसं सांगू, पोरीचं चुकलं म्हणून? तुझं पयलं काम. माझं काय, दोन-चार वर्षं राह्यलेली."

शांतीने पदर तोंडाला लावला. तिलाही हे आजच कळत होतं.

"मी आत्ता जाऊन शेठला सांगते. सगळं सांगते," समीक्षा उठली.

"हौसाचं सांग. तिच्या पोटावर येऊ द्यायचं नाय. माझं नको काढूस."

"असं कसं, नाना? लोक म्हणतात तुमची नजर गेली."

"म्हणू दे. वर्षभर मी ऐकून घेतलं, ते तुझ्यासाठीच ना? आता तूच जाऊन 'माझं चुकलं' म्हणालीस, तर मी उगाच घरी बसलो असं नाय व्हायचं?" त्यांनी तिचा हात धरला. "शपथ घे माझी."

तिने घेतली. दुसरा काय इलाज होता? यंदाच्या फॉर्ममध्ये चूक राहिली, असं तिने शेठला सांगितलं, आणि हौसाचं काम वाचलं. आता त्या चौकटीत आपोआप काहीच भरलं जात नाही. ज्याने आखलं त्याने स्वतः यादी उघडून नाव निवडायचं. यादीत नानांचं नाव नाही.

मध्यंतरी ती फॉर्ममधलं काही दुरुस्त करायला रामवाडीला गेली होती. एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं आणि विठूनानांच्या हातचे डोळे मागत होतं. जनूशेठ हळहळत म्हणाला, "नजर गेली हो त्यांची. ही त्यांचीच मुलगी, विचारा हवं तर."

गिऱ्हाईकाने तिच्याकडे पाहिलं.

"हो," समीक्षा म्हणाली. "गेली."