सुटली म्हणा

आमच्या सरांइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे मी आजवर कुणाला मनापासून भ्याले असेन तर याच माणसाला. जालन्यात मस्तगडाच्या अलीकडे आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. सर तिथले सगळ्यात जुने समुपदेशक, आणि आम्ही नवे सगळे त्यांच्या देखरेखीखाली. सर पालीला भीत, कुत्र्याला भीत, इन्व्हर्टरनं कुई केलं तरी खुर्ची मागे सरकवत. पाण्याचं तर नावच नको. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय हे बघायलासुद्धा ते दुसऱ्याला पाठवायचे. शेअर जीपमध्ये हेल्मेट घालून बसणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. बाकीची शिटं, म्हणजे प्रवासी बाया, तोंडाला पदर लावून हसायची. सर हेल्मेटची काच खाली करून शांतपणे म्हणायचे, "हसा. डोकं माझं हाये."

दर शनिवारी सर आम्हाला एकेकाला समोर बसवायचे. कागदोपत्री याला सुपरव्हिजन म्हणतात, आम्ही त्याला पेशी म्हणायचो. आठवड्यात कुठल्या पेशंटशी काय बोललो, ते सगळं सांगायचं. सर रागवायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. आपलं बोलून झालं की फक्त "अन् मंग?" म्हणायचे. त्याचं उत्तर दिलं की पुन्हा "अन् मंग?" असं करत करत आपल्याला काहीच ठाऊक नाही हे आपल्यालाच कळायचं, आणि घाम फुटायचा. त्यातून चांगली बातमी सांगायची चोरी. आपण तोऱ्यात सांगावं, "सर, तो म्हणतोय आता बिलकुल सोडली," की यांचा चेहरा उतरलाच. "बिलकुल म्हणला? मंग त्याला जल्दी बोलवून घ्या." उलट एखादा रडला, भांडला, दारूची लई आठवण येऊन राह्यली म्हणाला, की स्वारी खूश. एकदा धीर करून मी विचारलं की सर, तुम्ही एवढे भिता, तर हे काम कसं करता? म्हणाले, "भितो म्हणून तर करतो. भीती नसलेला माणूस पेशंटला सल्ला देतो अन् घरी जाऊन झोपतो."

घनसावंगीकडचा एक जीपवाला माझ्याकडे यायचा. तरुण, गोड बोलणारा, घरी बायको आणि एक चिमुरडी. कित्येक महिने तो दारूला शिवला नव्हता. एका शनिवारी मी मोठ्या खुशीत सांगितलं, "सर, त्याच्या बायकोनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून न पिण्याची शपथ घातली. आता कशाला पितोय तो." सरांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, "तिला आत्ता फोन लावा, अन् सुटली म्हणायला सांगा."

मला हसूच आलं. लहानपणी आम्ही गळ्याची शपथ घालायचो, आणि ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती उतरायची नाही. पण मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईनं हे फोनवर बोलायचं? तरी लावला, कारण समोर सर होते. बायको भडकलीच. "आत्ता कुठं बराबर चालू हाये मॅडम, अन् तुम्ही शपथ सोडवायला लावून राह्यल्या? दारू सोडवता का पाजता?" आणि तिनं फोन आपटला. सर म्हणाले, "तिचं काही चुकलं न्हाई. तिला भ्याव वाटतं. पण मॅडम, माणूस कधी ना कधी घसरतो. घसरला तर त्यानं आपल्यापाशी येऊन सांगावं, येवढ्यासाठीच आपण बसलोत. लेकराच्या डोक्यावर हात ठेवलेला माणूस कोणत्या तोंडानं येईल?"

लग्नसराई सुरू झाली आणि सासुरवाडीच्या हळदीत तो प्याला. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. ताप साधाच होता, पण तिला दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि दुपारी बायकोचा फोन आला. "मॅडम, जीप स्टँडवर हाये, किल्ली तिच्यातच हाये, अन् हे कुठंच न्हाईत. पोरीकडं बघून मी मारली, मी मारली म्हणत निघून गेले." सर आणि मी मिळेल ती जीप धरून निघालो. तिकडून गोदावरी जवळ आहे हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं, पण दोघांनीही नदीचं नाव काढलं नाही. सरांचं डोकं उघडंच होतं, हेल्मेट केंद्रातच राहिलं होतं. हे माझ्या लक्षात आलं अंबडच्या पुढे, आणि तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

स्टँडवर एका ड्रायव्हरनं सांगितलं की तो नदीच्या बाजूला गेल्ता. घाटावर पोचलो तर अगदी खालच्या पायरीवर बसलेला, पाय पाण्यात. मी वरूनच हाक मारणार होते, सरांनी दंड धरला. मग टाकीत न डोकावणारा हा माणूस भिंतीला धरून एकेक पायरी उतरला आणि बूट-मोज्यांसकट पाण्यात पाय सोडून त्याच्याशेजारी बसला. मी मागे उभी राहिले.

"पोरगी खिचडी खाऊन राह्यली," सर म्हणाले.

"खोटं बोलू नका सर. शपथ लागली तिला. मी असलो तर वाचायची न्हाई ती."

मी असते तर ताप म्हणजे काय, व्हायरल म्हणजे काय, हे समजावत बसले असते. सरांनी बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "ताई, हे माझ्यापाशी हायेत. सुटली म्हणा."

पलीकडे नुसता दवाखान्याचा गलका. तिचं गप्प राहणं मला कळत होतं. नवऱ्याला बांधून ठेवायला तिच्याकडे तेवढी एकच दोरी होती. सरांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं ती रडत म्हणाली, "सुटली. सुटली म्हणते. घरी या तुम्ही."

तो गुडघ्यात डोकं घालून हमसून रडला. मग त्यानं विचारलं, "मंग आता काय करू सर?"

"काही न्हाई. आजचा दिवस पिऊ नका. अन् आधी मला वर न्या, माझे पाय कापून राह्यले."

परतताना सर खिडकीबाहेर बघत होते. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला आईनं अशीच शपथ घातल्ती. त्यानं मोडली, अन् तोंड दाखवायची लाज म्हणून टेंभुर्णी सोडली. सुरतेकडं हाये म्हणतात. आई गेली तरी आला न्हाई."

सर आता निवृत्त होऊन गावी, टेंभुर्णीला असतात. शनिवारी पेशी मी घेते, आणि नव्या मुली मला भितात म्हणे. परवा सकाळी केंद्रावर गेले तर फाटकाशी जीपवाला उभा. डोळे लाल, कपडे चुरगळलेले. "मॅडम, काल पेलो. सांगायला आलो." मला इतका आनंद झाला की कुलपाला किल्ली लागेना. त्याला आत बसवून मी आधी टेंभुर्णीला फोन केला.

"सर, तो पुन्हा प्याला."

"कुठं हाये?"

"इथंच, माझ्यासमोर."

"कोणी आणला?"

"कोणीच नाही. आपला आपण आला."

सर अगदी हळू म्हणाले, "म्हणजे, परत येता येतं मंग."