मीटरवाल्याच्या फोटोतली भिंत

आमच्या गावी विजेचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आधी माझ्या डोक्यात जायचा. माझी पिठाची गिरणी, राहत्या घरातच. हा दर महिन्याला यायचा, मीटरचा फोटो काढायचा, मग दोन पावलं मागे सरकून अख्ख्या भिंतीचा काढायचा. एकदा मी खवळलोच. "मीटरचं काम कर ना बाप्पा, भिंतीचे फोटो कायले काढून राहिला?"

"लग्न लिहिलं आहे ना भाऊ तिच्यावर," तो म्हणाला. "पुसल्या जाते ना मंग."

आमच्या पवनीकडे घरात लग्न निघालं की पुढची भिंत चुन्याने पोततात आणि पेंटर तिच्यावर नवरानवरीची नावं लिहितो. बाजूला सोंडेत हार धरलेले हत्ती, वर मोर. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती नावं तशीच राहतात. मीटरही बहुतेक त्याच भिंतीवर असतो.

तर हा माणूस ते फोटो फेसबुकवर टाकतो. आधी घरच्या बाईला विचारतो, "वहिनी, टाकू का?" ती नको म्हणाली तर नाही टाकत. खाली गावाचं नाव, पेंटरचं नाव. पेंटर ठाऊक नसला तर सुटीच्या दिवशी सायकल काढून विचारून येतो. नुसता हत्तीचा डोळा पाहून "हा लाखनीवाल्या पेंटरचा हात" असं सांगणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. पुण्याला कामाला गेलेली पोरं खाली लिहितात, ही माझ्या मामाची भिंत, इथेच पंगत बसली होती. मी त्याला रिकामटेकडा समजत होतो, आणि आता गिरणी बंद केली की रोज तेच पाहत बसतो.

मागच्या साली आमचे भाऊजी गेले, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. चिखला गावच्या खाणीत कामाला होते, आजारपण निघालं आणि गेले. ताई माहेरी आली तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली. "माह्या लग्नाच्या भिंतीचा फोटो असन का रे कुठं?"

लग्नाचे फोटो नव्हतेच. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड उडालं होतं. आणि भिंत? ताईनंतर दोन वर्षांनी माझं लग्न निघालं तेव्हा त्या दोघांच्या नावांवर मीच चुना मारला होता. नवा ब्रश आणून, मोठ्या हौसेने. ताई जवळच उभी होती. आता तिच्याकडे पाहायचीही लाज वाटत होती, दुसरं काय.

शेवटी ज्याच्यावर खवळलो त्याच्याच दारी गेलो. त्याने टोमणा मारला नाही, भावही खाल्ला नाही. पेटीतून जुना मोबाईल काढून चार्जिंगला लावला. "तेव्हा मी नवीनच लागलो होतो भाऊ, फक्त मीटरचेच फोटो काढत होतो. पाहू." दोन दिवस सगळे मीटर धुंडाळले त्याने. सापडला आमचा. म्हणाला, "तुमच्या ताईले विचारल्याशिवाय मी कुठं टाकत नाही."

मधोमध मीटर, आकडे स्वच्छ. वर भाऊजींचं नाव, पूर्ण, निळ्या रंगात. ताईचं नाव यायच्या आतच फोटो संपला होता.

मी मोबाईल ताईच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नाव वाचलं. मोठ्याने, एकेक अक्षर लावत. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच; त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं.

"माफ कर ताई," मी म्हटलं. "तुह्यं नाव नाही आलं यात."

"माह्यं राहू दे," ती म्हणाली. "मी आहो ना."