आत्यानं मागितलेली मतं

माझी पहिली नेमणूक मोताळा तालुक्यातल्या एका लहान गावी झाली. मी देऊळगाव राजाकडची. जिल्हा एकच, बुलढाणा, पण बोलण्यात इतका फरक की पहिल्या दिवशी मी वर्गात "मला पाणी द्या" म्हटलं, तर मुली एकमेकींच्या खांद्यात तोंड लपवून हसल्या. एक धीट मुलगी म्हणाली, "मले म्हना बाई, मले." महिनाभरात मीही 'मले' म्हणायला लागले, आणि सुटीत घरी गेले तेव्हा भावंडं हसली.

राहायची सोय एका विधवा बाईंच्या घरी झाली. भाजीपाला पिकवणारं घर. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा त्या माहेरी परतल्या आणि वडिलांच्या विहिरीखालचा दीड एकर मळा करू लागल्या. गावाची लेक म्हणून सगळं गाव त्यांना आत्या म्हणे. मीही आत्याच म्हणू लागले. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की मळ्यातून हाक मारली तर शाळेत ऐकू यायची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, अशी टोपली डोक्यावर घेऊन आठवडी बाजाराला मोताळ्यापर्यंत त्या चालत जात, आणि परत येताना माझ्यासाठी आठवणीनं पोस्टातली पत्रं आणत.

गाव आणि सडक यांच्यामध्ये नाला होता. उन्हाळ्यात तो नुसता वाळूचा पट्टा असे. पावसाळ्यात कधी गुडघ्याएवढं पाणी, कधी छातीएवढं. पलीकडच्या वस्तीवरची मुलं श्रावण-भादव्यात आठ-आठ दिवस शाळेत येत नसत. माझ्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागे, आणि तपासणीला आलेले साहेब मलाच विचारत, "बाई, पट का घसरला?" साहेब उन्हाळ्यात येत. त्यांना नाला दिसतच नसे.

पुलाचा अर्ज गावानं जनपद सभेच्या काळापासून केलेला होता. मग राज्याचा कारभार मुंबईला गेला, जनपद सभा गेली, जिल्हा परिषद आली. अर्ज मात्र तोच राहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून आत्यानं तो माझ्याकडून तीनदा नव्यानं लिहून घेतला. पूल होत नसेल तर निदान पाणी वरून जाईल असा फरशीचा रपटा तरी द्या, असंही मी त्यात घातलं.

जिल्हा परिषदेत आमच्या भागाचे मेंबर म्हणजे एक मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हता. भेटायला गेलं की हसून बोलत, अर्ज घेत, गादीखाली ठेवत. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात त्यांचेच साडू उभे राहिले. ते वकील होते. पन्नाशीच्या आतले, बोलण्यात तडफदार. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. लोक म्हणत, आता घरातच लागली आहे, म्हणजे खरी लागली आहे.

ती निवडणूक मी विसरणार नाही. गावात त्याआधी जीप क्वचितच आलेली. त्या महिन्यात रोज दोन-दोन येत. कर्ण्यातून इतकी गाणी वाजत की दुपारी वर्ग घेणं अशक्य व्हायचं. मारुतीच्या पारापाशी एक दिवस एकाची पंगत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. बुंदीच्या कढया उतरत नव्हत्या. वकिलांची निशाणी शिडी आणि जुन्या मेंबरांची कुलूप. पोरं सगळ्या भिंतींवर गेरूनं शिड्या आणि कुलपं काढत सुटली होती, शाळेची भिंतही सुटली नाही. मग एक दिवस जुन्या मेंबरांकडून घरटी एक लुगडं आलं.

वकिलांची सभा शाळेच्या पटांगणात झाली. बाया एका बाजूला बसलेल्या. वकील म्हणाले, "माता-भगिनींनो, तुमचंही काही मागणं असेल तर सांगा." असं कोणी खरंच विचारत नसतं. पण आत्या उठली. आदल्या दिवशी आलेलं लुगडं तिच्या हातात होतं, घडी न मोडलेलं.

"हे त्याइनं देलं," ती म्हणाली. "तुमीबी देसान. आमाले लुगडं नोको. नाल्यावर पूल पाह्यजे. देता का तं सांगा."

वकील क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "आत्या, मी निवडून आलो की पहिलं काम तुमचा पूल."

"निवडून आल्यावर नाही. काई तं दिसू द्या आमाले."

चार दिवसांनी नाल्याच्या काठावर बैलगाड्यांतून दगड येऊन पडले. मोठे काळे दगड, वीस-बावीस गाड्या तरी असतील. नारळ फुटला. आत्यानं त्या ढिगाला हळद-कुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरू लागली. जुन्या मेंबरांच्या भावकीतल्या घरांतही गेली. "लुगडं वापस करा, न माह्या शब्दावर या खेपेस शिडीवर मारा शिक्का," एवढंच म्हणायची. तिनं आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून बायांना नाही म्हणवेना.

मी सरकारी नोकर, मला प्रचार करता येत नव्हता. पण विहिरीवर बाया विचारत, "बाई, तुमाले काय वाट्टे?" तेव्हा मी म्हणायचे, "दगड तर आलेत." एवढं पुरेसं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा होता.

मतदानाच्या दिवशी बायकांच्या खोलीत शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी सातपासून रांग. नव्वदीची म्हातारी खाटेवर आली, दिवस भरलेली एक बाई बैलगाडीतून आली आणि गाडीतच परत गेली. शाई लावताना मी हात बघत होते. कापूस वेचून बोंडांनी ओरबाडलेली बोटं, भाकरीचे चटके बसलेली बोटं. कितीतरी जणी शाई वाळेपर्यंत बोट छातीशी धरून जात होत्या. वकील निवडून आले. गुलालानं नाल्याची वाळूसुद्धा लाल झाली.

पावसाळा आला, गेला. दगड तिथेच. त्यांच्यावर शेळ्या चढत, बाया धुणं वाळत घालत. आत्या म्हणे, "सरकारी काम हाय, येळ लागते." दिवाळीनंतर एका सकाळी पलीकडच्या वस्तीवरची मुलगी धावत वर्गात आली. "बाई, दगड नेऊन राह्यले!"

मी मुलांना मधली सुटी देऊन नाल्यावर गेले. सहा गाड्या उभ्या होत्या. गाडीवाले दगड भरत होते आणि आत्या उरलेल्या ढिगावर मांडी घालून बसली होती.

"उठ व आत्या," एक गाडीवाला काकुळतीनं म्हणत होता. "आमाले काऊन अडवून राह्यली? ठेकेदाराचे दगड हायेत. त्यानं निवडणुकीपुरते टाकले होते. आता मोताळ्याले दुसऱ्या कामावर पाह्यजेत."

"निवडणुकीपुरते म्हंजे?"

गाडीवाल्यानं खाली मान घातली. "आता काय सांगू तुले."

ती बराच वेळ तशीच बसली. गाडीवाल्यांपैकी कोणी तिला हात लावला नाही, कोणी आवाज चढवला नाही. ऊन वाढलं, बैल तोंडातून फेस गाळायला लागले. मग ती आपणहून उठली, मळ्यात गेली आणि कळशीभर पाणी घेऊन आली. गाडीवाल्यांना पाजलं. "तुमचा काय दोष," म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिथे दगडांच्या जागी फक्त पिवळं पडलेलं गवत उरलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, माह्या संगं चाला." रविवार होता. आम्ही दोघी मोताळ्याला वकिलांच्या घरी गेलो. ओसरीवर गादी घातलेली, आणि गादीवर जुने मेंबर तक्क्याला टेकून सुपारी कातरत बसलेले. वकील शेजारीच. दोघे साडू एका ताटातलं खाऊन नुकते उठल्यासारखे दिसत होते. निवडणुकीत एकमेकांना काय काय बोलले होते, ते सगळं गावानं कर्ण्यावरून ऐकलं होतं.

"ये आत्या, बस," जुने मेंबर म्हणाले. जणू घर त्यांचंच.

आत्या बसली नाही. "दगड गेले," ती वकिलांना म्हणाली.

वकिलांनी आधी पुष्कळ सांगितलं. पूल मंजुरीला गेला आहे, अंदाजपत्रक झालं आहे, पुढच्या वर्षी नक्की. जुने मेंबर सुपारी तोंडात टाकून हसले. "आत्या, मंजुरीले तं तो माह्या वक्तापासून गेलेला हाय." यावर वकीलही हसले, पण अर्धवट. आतून चहा आला. आत्यानं कप हातात घेतला, प्यायली नाही.

"यायच्याकडे अर्ज देला तं चहा भेटत नव्हता," ती म्हणाली. "तुमच्याकडे भेटला. तेवढा फरक पडला." कप खाली ठेवून ती अंगणात उतरली.

मी चप्पल घालत होते, तेवढ्यात वकील दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी लोकांशी खोटं बोललो असं समजू नका. बुलढाण्याला किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. तिथं माझ्यासारखे पुष्कळ, आणि देणारा वरती बसलेला. मला खरंच वाटलं होतं, माणूस बदलला की काम होतं. या निवडणुकीपायी विहिरीवरचं वावर विकलं हो मी." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यांचा राग आला होता, तो पुरता टिकेना. पण दगडांचं विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

त्यानंतरचे दिवस आत्याला फार जड गेले. गावाचा राग वकिलांपर्यंत पोचत नव्हता, जुन्या मेंबरांपर्यंत तर नाहीच. जवळ होती ती आत्या. पोरं नाल्यातून जाताना ओरडत, "आत्याच्या पुलावरून चाला रे!" विहिरीवर ती पाठमोरी झाली की बाया बोलत. पुढच्या पावसाळ्यात एक बाई नाल्यात घसरली. मनगट मोडलं आणि बाजाराची टोपली वाहून गेली. तिनं हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत आमच्या दारात येऊन शिव्या दिल्या. "लुगडंबी गेलं न पूलबी गेला! तुह्या नादानं!" तिनंही आत्याचं ऐकून लुगडं परत केलं होतं. आत्या चुलीपुढे बसून होती.

तीन बाजार ती गेली नाही. मेथीला फुलं आली, वांगी जून झाली. मी समजावलं, "आत्या, तुम्ही काय केलंत? फसवलं तर त्यांनी."

"मले त्याइनं फसोलं," ती म्हणाली. "पण यायले कोनं सांगतलं? म्या."

आणि एक दिवस सकाळीच डोक्यावरून पदर घेऊन ती निघाली. कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ज्या ज्या घरी मत मागाले गेली होती, त्या त्या घरी. मी तिच्याबरोबर निघाले.

पहिलं घर त्या मनगट मोडलेल्या बाईचं. आत्या उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. "म्या तुले चुकीचं सांगतलं. माह्या शब्दावर तुनं मत देलं, न काई झालं नाही. माफी कर." बाईनं धड हाताचं पीठ पदराला पुसलं. दुसरं घर, तिसरं घर. तेच शब्द, ना कमी ना जास्त. काही घरी बाया रडल्या. एका घरी दार लावून घेतलं. जुन्या मेंबरांच्या भावकीतली एक म्हातारी मात्र भडकली. "तू कोन व माफी मागनारी? आमाले काय डोये नव्हते? आमी आमच्या मनानं शिक्का मारला. बस खाली." तिनं आत्याला जवळजवळ ओढून खाली बसवलं आणि पुढ्यात भाकरी आणि ठेचा ठेवला. तिथे आत्या पहिल्यांदा रडली. म्हातारीही रडली. दोघी खात होत्या आणि रडत होत्या.

घरं फिरायला दोन दिवस लागले. मी प्रत्येक दारात तिच्या मागे उभी होते. 'दगड तर आलेत' असं मीही म्हटलं होतं, ते त्यातल्या कितीतरी जणींना आठवत असणार. पण मी तोंड उघडलं नाही. शाळेतली बाई, सरकारी नोकर, लोक काय म्हणतील, असं काहीतरी मनात धरून गप्प राहिले. त्याची लाज आजही वाटते.

त्यानंतर विहिरीवरचं बोलणं थांबलं. पुढच्या बाजाराला मनगट मोडलेल्या बाईची टोपली आत्यानं आपल्या टोपलीवर चढवून नेली आणि विकून आणली. पुलाचा विषय कोणी काढेना. लोक अर्ज द्यायचेही थांबले. मला वाटतं, गावाचं खरं नुकसान तिथं झालं. दगड तर काय, ठेकेदाराचेच होते.

दोन वर्षांनी माझी बदली देऊळगाव राजाला झाली. पुढची निवडणूक झाली तेव्हा मी तिकडेच होते. त्या गावचा एक माणूस आमच्याकडच्या बालाजीच्या दर्शनाला आला होता, त्यानं सांगितलं की या खेपेला दोन्हीकडचे लोक आधी आत्याच्या घरी गेले. तिनं शब्द टाकला तर बाया ऐकतात, हे सगळ्यांना कळलं होतं. ती मळ्यात वांग्याच्या वाफ्यात होती. उठलीसुद्धा नाही.

"मत द्याले येईन," ती म्हणाली. "कोनासाठी मागाले जानार नाही."

मतदानाला ती सकाळी पहिल्या रांगेत होती, असंही त्यानं सांगितलं. शिक्का कुठे मारला ते कोणाला कळलं नाही. नाल्यावर पाइप टाकून रपटा झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि मोठा पाऊस झाला की अजूनही तो पाण्याखाली जातो, असं ऐकते.