आधी भाडं, मग पाय धुवायला पाणी

नवरा गेला, मुलगा नागपूरला नोकरीवर, आणि या घरात मी एकटी. तिरोड्याहून चोरखमाऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला घर आहे. मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं दिल्या त्या हौसेनं नाही. गुडघ्यांच्या गोळ्या लागतात. दर वेळी मुलाला फोन करून पैसे मागायचे आणि पाठीमागून सुनेची कुरकुर ऐकायची, हे मला नको होतं. माझा पैसा माझ्या हातात असावा, एवढंच.

तिरोड्याला वीजकेंद्र उभं होत होतं तेव्हा आठवड्या-आठवड्यासाठी माणसं यायची. वेल्डर, फिटर, सुपरवायझर. आमच्याकडे दारात आलेल्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी देतात. एकदा पाणी दिलं की तो पाहुणा, आणि पाहुण्याला पैसे मागायला माझं तोंड उघडत नाही. पहिल्याच सुपरवायझरला मी पाणी दिलं, जेवू घातलं. ठेकेदाराचं बिल पास झालं की देतो, असं सांगून तो गेला तो गेलाच. तेव्हापासून मी ठरवलं, आधी भाडं, मग पाणी. तोपर्यंत माणूस अंगणात उभा.

एकजण चिडला होता. "काऊन बाई, भरवसा नाही का?"

"भरवसा हाये जी. पैसे नाही दिसून राहिले."

तो हसला आणि दिले त्यानं. पुढं काही वर्षं मला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

मग केंद्र उभं झालं, माणसं गेली, खोल्यांत धूळ बसली. मुलानं त्या मोबाइलवर एका बुकिंगच्या कंपनीकडे टाकल्या, जंगल बघायला येणाऱ्यांसाठी. फोनवर म्हणाला, "माय, शनिवारी रायपूरचे दोघं येतीन. तू फक्त जेवनाचं पाहून घे."

शनिवारी भर उन्हात नवरा-बायको गाडीतून उतरले. मी ओसरीवर बसले होते. उठले नाही. भाडं मागितलं.

"अम्मा, पैसा तो हमने बुकिंग के टाइम ही भर दिया," बाई म्हणाली.

"मेरे को तो किसी ने नहीं दिया."

ती मोबाइल दाखवू लागली. मी चौथी शिकलेली, त्यावर सगळं इंग्रजी. मुलाला फोन लावला.

"माय, त्यायनं कंपनीले देले. पाहुणे पोचले का दुसऱ्या दिवशी कंपनी आपल्याले पाठवते."

"म्हंजे त्यायनं जेवाचं, झोपाचं, अन् मंग?"

"हो. उद्या रविवार हाये. बँकेत सोमवारी-मंगळवारी दिसन."

"कोनाच्या बँकेत?"

"माह्याच. तुह्या खात्याले फोन नंबर कुठी जोडला हाये? दिवाळीले आलो का देतो ना."

"मंग पाहुणे तुहे हायेत. तूच ये अन् दे त्यायले पाणी."

"असं काऊन करून राहिली, माय?"

"मी काहीच नाही करून राहिली. बसली हाओ."

फोन ठेवला तेव्हा तो माणूस अंगणातला हातपंप हापसत होता आणि बायको पाय धूत होती. पाणी मी दिलं नव्हतं, त्यांचं त्यांनी घेतलं. मी किल्ली दिली आणि चुलीवर भात टाकला. वाद मुलाशी होता. त्यांना उपाशी ठेवून काय मिळणार होतं?

पुढच्या आठवड्यात मुलगा तोंड पाडून आला. मला तिरोड्याच्या बँकेत नेलं, खात्याला नंबर जोडला आणि मोबाइलवर त्याच्या खात्याच्या जागी माझं खातं टाकलं. रायपूरवाल्यांचे पैसेही माझ्या हातावर ठेवले. मोजून घेतले.

आता पाहुणे आले की मी लगेच पाणी देते. अडवून काही होत नाही, पैसे यायचे तेव्हाच येतात. मग बसनं तिरोड्याला जा, रांगेत उभी राहा, गुडघे दुखवून परत ये. थकवा येतो, पण जाते.

बँकेतला बाबू दर वेळी विचारतो, "आजी, किती काढायचे?"

"सगळे."

"थोडे राहू द्या ना."

"राहू देते ना," मी म्हणते. "घरी."