रिकाम्या पाटीवरचे हात

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात बांगडे विकणारी ती बाई उठण्याआधी रिकाम्या पाटीवर दोन्ही हात टेकायची, डोळे मिटायची आणि थोडा वेळ तशीच थांबायची. तिची पाटी रोज सगळ्यांआधी रिकामी व्हायची. शेवटी मला राहवेना. विचारलं, “मावशी, कुठल्या देवाला नमस्कार करता?”

ती हसली. “देव खंयचो गो! बीपीची गोळी घेतंय. फटकन उठलंय तर काळोखी येता. डॉक्टरान सांगल्यान, सावकाश ऊठ.”

मग शेजारच्या तरुण कोळणीकडे बघत हळूच म्हणाली, “ह्येका सांगा नको हां. माझा बघून ह्यां पण हात टेकता. तेवापासून ह्येचे पण बांगडे खपतत.”

मी वळून पाहिलं. ती धडधाकट पोर पाटीवर हात टेकून, डोळे मिटून बसली होती. तिचे तर ओठही हलत होते.